दोन्ही बाजू एकदम का बसत नाहीत: त्रिमितीय अ‍ॅटलासमध्ये तिरका सेक्शन शोधताना

तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात पुन्हा मांडते. तुमच्याकडे प्रौढ उंदराच्या मेंदूचे ४० मायक्रॉन जाडीचे कोरोनल, म्हणजे कानापासून कानापर्यंत उभे कापलेले, सेक्शन (पातळ काप) आहेत. दर सहावा सेक्शन तुम्ही सी-फॉस (नुकत्याच सक्रिय झालेल्या पेशी दाखवणारं प्रथिन) आणि डॅपीने (पेशींची केंद्रकं दाखवणारा रंग) रंगवला आहे. एका खिडकीत न्यूरोग्लान्सरमध्ये (ब्राउझरमध्ये त्रिमितीय प्रतिमा पाहण्याचं साधन) अ‍ॅलन इन्स्टिट्यूटचा त्रिमितीय अ‍ॅटलास आणि दुसऱ्या खिडकीत आपल्या सेक्शनची प्रतिमा ठेवून तुम्ही जुळणारा काप शोधता, आणि त्यावरची बेसोलॅटरल अ‍ॅमिग्डलाची (भीतीसारख्या भावनांशी निगडित असलेला मेंदूच्या खोलातला भाग) सीमारेषा आपल्या प्रतिमेवर आणता. डावी बाजू बसली की उजवी सुटते, उजवी बसवली की डावी. प्रत्येक मेंदूतून अ‍ॅमिग्डलाच्या मधोमधचे चार सेक्शन निवडून मोजल्यावर डावीकडे सी-फॉस असलेल्या पेशी जास्त आल्या, आणि तेही बहुतेक सगळ्या उंदरांत. सॉफ्टवेअरमध्ये कुठे आणि कसं गेलं की दोन्ही बाजू एकदम बसतील, असा तुमचा प्रश्न आहे. आणि अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय की हा डाव्या-उजव्याचा फरक खरा मानायचा का.

माझ्या मते मुख्य प्रश्न तो शेवटचाच आहे, आणि पहिल्याचं उत्तर मिळालं की त्याचंही बरंचसं मिळेल. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मला वाटतं की मेंदू कापताना तुमचा ब्लॉक (कापण्यासाठी चिकटवलेला मेंदूचा तुकडा) पात्याच्या मानाने थोडा तिरका बसला होता. तसं असेल तर एकाच सेक्शनची डावी कड मेंदूतल्या एका पातळीची असते आणि उजवी कड त्याच्या बरीच पुढची किंवा मागची. अळूवडीचा उंडा सरळ कापला तर आतलं चक्र गोल दिसतं, सुरी तिरकी गेली तर तेच चक्र लांबट दिसतं. अ‍ॅटलासमधले सरळ कोरोनल काप पुढे-मागे कितीही सरकवलेत तरी तुमचा सेक्शन त्यांत सापडणार नाही. तो आहे तिरक्या प्रतलावर, आणि तुम्ही शोधताय सरळ प्रतलांच्या चळतीत.

हा तिरपेपणा किती महाग पडतो याचा अंदाज आकड्यांवरून येतो. उंदराच्या मेंदूत दोन्ही बाजूंच्या बेसोलॅटरल अ‍ॅमिग्डलांमध्ये साधारण ६ मिलिमीटर अंतर असतं. ब्लॉक फक्त ५ अंशांनी तिरका असला तर ६ मिलिमीटरच्या रुंदीवर पुढे-मागे सुमारे ०.५२ मिलिमीटरचा फरक पडतो. ४० मायक्रॉनच्या हिशेबात हे १३ सेक्शन झाले. तुमच्या दर सहाव्याच्या मालिकेत दोन पूर्ण टप्पे. बेसोलॅटरल अ‍ॅमिग्डला पुढून मागे जेमतेम दोनेक मिलिमीटर लांब. म्हणजे एकाच काचेवर डावीकडे तुम्ही तिच्या मध्यावर असता आणि उजवीकडे एक चतुर्थांश लांबी पुढे किंवा मागे, जिथे तिचा आकार आणि क्षेत्रफळ दोन्ही वेगळे असतात. आणि ५ अंश म्हणजे काही फार मोठी चूक नव्हे. साच्याशिवाय नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने चिकटवलेल्या ब्लॉकमध्ये इतका फरक सहज येतो.

आता सॉफ्टवेअरकडे येते. न्यूरोग्लान्सरमध्ये नवीन माणूस जिथे हमखास अडकतो ती जागा आधी सांगते. पडद्यावर चार पॅनेल असतात: तीन कापांची आणि एक त्रिमितीय. त्रिमितीय पॅनेलमध्ये माउस ओढून मेंदू फिरवला की वाटतं आपण काप फिरवला. तसं होत नाही. तिथे फक्त तुमची पाहण्याची दिशा बदलते, कापाचं प्रतल जागच्या जागी राहतं. काप तिरका करायचा असेल तर कापाच्या पॅनेलवर येऊन शिफ्ट दाबून डाव्या बटणाने ओढायचं. असं केलं की तिन्ही काप एकत्र फिरतात, कारण ते एकमेकांना काटकोनात बांधलेले आहेत. वाट चुकली तर झेड ही कळ दाबा, काप पुन्हा जवळच्या अक्षाला सरळ होतो. हवी ती जागा मध्यभागी आणायला तिथे राइट क्लिक, आणि बाकी सगळ्या कळांची यादी एच दाबल्यावर दिसते. त्रिमितीय पॅनेलमध्ये ओ ही कळ दाबून दृश्य समांतर प्रक्षेपणात ठेवा. नाहीतर जवळचा भाग मोठा आणि दूरचा लहान दिसतो, आणि डावी-उजवी तुलना डोळ्यांना फसवते.

दुसरी अडचण अक्षांची. हे साधन गूगलमध्ये घडलं आणि त्याचा मोठा वापर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीच्या अवाढव्य प्रतिमासंचांसाठी झाला. २०२४ च्या मे महिन्यात हार्वर्ड आणि गूगलच्या गटाने सायन्स या नियतकालिकात मांडलेला मानवी कॉर्टेक्सचा घन मिलिमीटरभर तुकडा, पाच हजारांच्या आसपास काप आणि १.४ पेटाबाइट माहिती असलेला, जगभरातले लोक याच साधनातून पाहतात. अशा तुकड्याला नाक नसतं आणि शेपटीही नसते. त्यामुळे पॅनेलवर कोरोनल किंवा सॅजिटल (पुढून मागे जाणारा उभा काप) असं काही लिहिलेलं नसतं, फक्त एक्स, वाय, झेड असतं. अ‍ॅलनच्या अ‍ॅटलासमध्ये पहिला अक्ष पुढून मागे, दुसरा वरून खाली आणि तिसरा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो. तो तसाच उघडला असेल तर एक्स-वाय लिहिलेलं पॅनेल सॅजिटल असतं, एक्स-झेड आडव्या कापाचं, आणि तुम्हाला हवं असलेलं कोरोनल वाय-झेडमध्ये असतं. दुसऱ्या कोणी अक्षांचा क्रम बदलून साठवलेली प्रत तुमच्याकडे असेल तर हे बदलेल, म्हणून पाठ करण्यापेक्षा तपासून बघा. काप ज्या अक्षावर सरकवल्यावर घ्राणपिंडापासून सेरेबेलमपर्यंत प्रवास होतो तो पुढे-मागचा अक्ष. ए दाबून अक्षरेषा आणि बी दाबून मापपट्टी चालू ठेवा. संपूर्ण मेंदूची रुंदी सेंटिमीटरभर दिसायला हवी. दहापट कमी-जास्त दिसली तर व्हॉक्सेलचं (त्रिमितीय प्रतिमेतल्या सर्वांत लहान घनाचं) माप चुकीचं भरलं आहे, आणि मग पुढचं सगळंच चुकेल.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त काळजीची वाटते: तुमची डावी खरोखर डावी आहे का? अ‍ॅलनचा सध्याचा अ‍ॅटलास, २०२० मध्ये सेल या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला, १,६७५ उंदरांच्या मेंदूंची सरासरी काढून १० मायक्रॉनच्या बारकाईने बनवलेला आहे, आणि तो मुद्दाम सममित ठेवलेला आहे. प्रत्येक मेंदूची आरशातली प्रतिमाही सरासरीत धरली आहे. त्यामुळे तुमचा सेक्शन काचेवर उलटा पडला असला, तरी अ‍ॅटलास तो तितक्याच समाधानाने बसवून घेईल. त्याच्याकडून इशारा मिळणार नाही. कापण्याआधी एका बाजूच्या कॉर्टेक्समध्ये, मोजणीच्या भागापासून लांब, सुईने आरपार बारीक छिद्र पाडलं असेल तर प्रत्येक सेक्शनमध्ये ते दिसतं आणि प्रश्न मिटतो. तुम्ही अशी खूण केली होती का ते लिहिलेलं नाही. केली नसेल तर पुढच्या मेंदूपासून सुरू करा. शिवाय काही मायक्रोस्कोपांचा कॅमेरा आणि काही सॉफ्टवेअर प्रतिमा आडवी उलटवून साठवतात. एखाद्या काचेवर अक्षर लिहून तिचा फोटो काढा आणि अक्षर सरळ वाचता येतं का बघा, पाच मिनिटांत कळेल. डॉक्टर मंडळींनी एक आणखी लक्षात ठेवावं: एमआरआयच्या प्रथेप्रमाणे चित्राची डावी बाजू रुग्णाची उजवी असते, आणि आयटीके-स्नॅपसारखी साधनं मुळात तीच प्रथा पाळतात.

आता तिरपेपणा मोजण्याकडे. मी हे सॉफ्टवेअरमध्ये करत नाही. आधी काचांवर करते. सगळे सेक्शन पुढून मागे क्रमाने लावायचे आणि मध्यरेषेपासून दूर असलेली, दोन्ही बाजूंना सहज ओळखू येणारी एक खूण धरायची. मला व्हेंट्रल, म्हणजे खालचा, हिप्पोकॅम्पस सोयीचा वाटतो. पुढून मागे येताना हिप्पोकॅम्पस आधी फक्त वर दिसतो, मग बाजूने वाकत खाली उतरतो. डॅपीमध्ये त्याचे पेशींचे दाट पट्टे इतके ठळक असतात की वाद उरत नाही. तो खालच्या भागात डावीकडे कोणत्या सेक्शनमध्ये पहिल्यांदा दिसला आणि उजवीकडे कोणत्या, एवढं नोंदवा. समजा, डावीकडे तो दोन टप्पे आधी आला. तुमच्या मालिकेत एक टप्पा २४० मायक्रॉनचा, म्हणजे फरक ४८० मायक्रॉनचा. दोन बाजूंमधलं अंतर साधारण ६ मिलिमीटर. ०.४८ भागिले ६ म्हणजे ०.०८, आणि तो कोन झाला सुमारे साडेचार अंश. ही खूण मेंदूच्या मागच्या भागातली आहे, म्हणून ती जिकडे आधी दिसते ती बाजू जास्त मागून कापली गेली आहे.

या हिशेबाची मर्यादाही सांगते. दर सहावा सेक्शन असल्यामुळे तुमचा सर्वांत लहान टप्पाच सव्वादोन अंशांचा आहे, त्याहून बारीक काही यातून कळणार नाही. मधले पाच सेक्शन फ्रीझरमध्ये जपून ठेवले असतील तर त्या जागेपुरते दोन-चार काढून नुसते डॅपीने रंगवा. बारकाई लगेच वाढेल.

वर-खालचा तिरपेपणा वेगळा असतो, आणि तो बऱ्याचदा निसटतो, कारण त्यात डावं-उजवं अगदी सारखं दिसतं. हिप्पोकॅम्पसच्या पातळीला मेंदूची उंची सुमारे ६ मिलिमीटर धरली तर इथेही ५ अंशांमागे अर्धा मिलिमीटर जातो. तो ओळखायचा वरच्या आणि खालच्या खुणांच्या जोडीवरून. सरळ कोरोनल कापात तळाशी ऑप्टिक कायाझ्मा (डोळ्यांकडून येणारे तंतू एकमेकांना ओलांडतात ती जागा) आणि त्यावर सुप्राकायाझ्मॅटिक न्यूक्लियस दिसत असताना वर डॉर्सल (वरचा) हिप्पोकॅम्पस अजून आलेला नसतो किंवा जेमतेम सुरू होत असतो. तुमच्या सेक्शनमध्ये खाली कायाझ्मा आणि वर डेंटेट जायरस या आपल्या भागासकट भरलेला हिप्पोकॅम्पस एकत्र दिसत असेल, तर वरचा भाग जास्त मागून कापला गेला आहे. उलट दिशेसाठी फॅसिक्युलस रेट्रोफ्लेक्सस बघा. तंतूंचा हा जुडगा हॅबेन्युलापासून निघून खाली आणि मागे इंटरपेडंक्युलर न्यूक्लियसकडे जातो. सरळ कोरोनल कापात तो लंबगोल ठिपक्यासारखा दिसतो. पण खालचा भाग मागे झुकलेला असेल तर पातं त्याच्याच दिशेने जातं आणि तो लांब पट्टा होऊन दिसतो. मला हा जुडगा फार आवडतो. एकच सेक्शन हातात असला तरी तो कापाचा झुकाव सांगून जातो.

तिसरा तिरपेपणा काचेवरचा, म्हणजे सेक्शन चिकटवताना तो गोल फिरणं. तो निरुपद्रवी आहे, प्रतिमा फिरवली की संपला. व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीच्या) आकारावर मात्र पातळी ठरवू नका. परफ्यूजन (रक्तवाहिन्यांतून द्रव सोडणं) कसं झालं, फिक्सेटिव्ह (ऊती टिकवणारं द्रव) किती दाबाने गेलं, यावर त्या पोकळ्या कमी-जास्त उघडतात.

एवढं झालं की न्यूरोग्लान्सरमध्ये परत या. सरळ कोरोनल कापापासून सुरुवात करा, तो अ‍ॅमिग्डलाच्या मध्यावर आणा आणि शिफ्ट धरून अगदी थोडा फिरवा. किती अंश फिरला हे साधन सोप्या रूपात दाखवत नाही, पण त्याची गरजही नाही. माउसचा बाण डाव्या व्हेंट्रल हिप्पोकॅम्पसच्या जागी नेऊन वर दिसणारा पुढे-मागचा सहनिर्देशक वाचा, मग उजवीकडचा वाचा. १० मायक्रॉनच्या प्रतीत ४८० मायक्रॉन म्हणजे ४८ व्हॉक्सेल, २५ च्या प्रतीत साधारण १९. हा फरक तुमच्या काचांवरच्या फरकाएवढा झाला की प्रतल जुळलं. मग कोन न बदलता फक्त पुढे-मागे सरकवा. या क्षणी दोन्ही अ‍ॅमिग्डला एकदम बसायला लागतील. एस कळ दाबून त्रिमितीय पॅनेलमध्ये काप दाखवायला सांगा आणि हिप्पोकॅम्पस, अँटिरिअर कमिश्युअर आणि अ‍ॅमिग्डला एवढेच भाग चालू ठेवा. सगळी रचना एकदम लावली तर रंगांच्या गर्दीत झुकाव दिसत नाही. मिळालेली जागा त्या वेळच्या वेब-पत्त्यातच साठवलेली असते. तो पत्ता सेक्शनच्या क्रमांकासमोर नोंदवून ठेवा, गाइडना पाठवला तर त्यांनाही नेमकं तेच दिसेल.

पाहण्यासाठी आणि समजण्यासाठी हे ठीक आहे. मोजणीसाठी मात्र सीमारेषा डोळ्यांनी उचलून आणणं मी थांबवायला सांगेन. ऑस्लो विद्यापीठात विकसित झालेलं क्विकएनआयआय हे साधन नेमकं याच कामाचं आहे. त्यात तुमची प्रतिमा आणि अ‍ॅटलासचा काप एकमेकांवर पारदर्शक ठेवता येतात आणि काप कोणत्याही कोनात झुकवता येतो. मालिकेतले दोन-तीन चांगले सेक्शन हाताने बसवले की मधल्यांची जागा क्रमांकावरून आपोआप अंदाजली जाते. त्यासाठी फाइलच्या नावात अंडरस्कोर, एस आणि सेक्शनचा क्रमांक असा भाग लागतो. तिथे रंगवलेल्या काचेचा क्रमांक न लिहिता कापतानाचा खरा क्रमांक लिहा, म्हणजे १, ७, १३ असा. एखादा सेक्शन फाटून गेला असला तरी त्याची जागा रिकामी राहते आणि अंतरं बिघडत नाहीत. उंदराच्या कोरोनल सेक्शनसाठी २०२३ पासून डीपस्लाइस नावाचं स्वयंचलित साधनही आहे. ते पहिला अंदाज चांगला देतं, आणि सगळ्या सेक्शनला एकच कोन लावण्याची सोय त्यात आहे. ती जरूर वापरा. एक मेंदू एकाच बैठकीत, ब्लॉक न हलवता कापला असेल तर त्याच्या सगळ्या सेक्शनचा कोन एकच असतो. प्रत्येक सेक्शनला वेगळा कोन देणं म्हणजे ही हातात असलेली माहिती फेकून देणं.

यात एक आनुषंगिक फायदा दडलेला आहे. एकदा कोन कळला की उलटा पडलेला सेक्शन आपोआप उघडा पडतो. सगळ्या मालिकेत डावी बाजू मागची असताना मधल्याच एका सेक्शनमध्ये उजवी मागची दिसली, तर तो सेक्शन काचेवर पालथा आहे. सुईची खूण नसलेल्या जुन्या मेंदूंसाठी मी हाच मार्ग वापरते. ब्लॉक अगदी सरळ बसला असेल तर मात्र तो चालत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे म्हणून तो इथे पुन्हा सांगते: आधी डावी-उजवी निश्चित करा, मग कोन, मग पुढे-मागची जागा, मग लांबी-रुंदीचं प्रमाण, आणि सगळ्यात शेवटी स्थानिक ताण-सुरकुत्या. शेवटच्या पायरीसाठी व्हिज्युअलाइनसारखी साधनं आहेत. त्यांत खुणा रोवून सीमारेषा हवी तशी ओढता येते, आणि धोका तिथेच आहे. चुकीच्या प्रतलावरची सीमारेषासुद्धा ओढून-ताणून अ‍ॅमिग्डलावर बसवता येते. पडद्यावर सुंदर दिसते, पण ती वेगळ्याच पातळीची असते आणि नंतर कोणाला कळतही नाही. एखाद्या भागाला खूप ताणावं लागतंय असं दिसलं की थांबा आणि कोनाकडे परत जा. बसवल्यानंतरची परीक्षा मी अ‍ॅटलासच्या रेषेवरून घेत नाही, ऊतीवरून घेते. एक्स्टर्नल कॅप्सूलचे तंतू खाली येताना दुभंगून बेसोलॅटरल अ‍ॅमिग्डलाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. ब्राइटफील्डमध्ये (साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपीत) ते स्पष्ट दिसतात. रेषा त्या तंतूंच्या आत बसली पाहिजे, दोन्ही बाजूंना.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. कापताना ब्लॉक मध्येच सुटून पुन्हा चिकटवला असेल तर त्या सेक्शनपासून पुढे कोन बदलतो, मालिकेचे दोन भाग धरा. तुम्ही फक्त अ‍ॅमिग्डलाच्या आसपासचेच सेक्शन जमवले असतील तर व्हेंट्रल हिप्पोकॅम्पसची सुरुवात कदाचित हातात नसेल. मग स्ट्रायटमचा मागचा टोकदार भाग दोन्हीकडे कुठे संपतो ते बघा, तीही बाजूची खूण आहे. क्रायोस्टॅट, व्हायब्रॅटोम, पॅराफिन या कापण्याच्या पद्धतींत ऊती वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसते, म्हणून लांबी-रुंदीचं प्रमाण प्रत्येक पद्धतीला वेगळं ठेवावं लागतं. उंदीर लहान वयाचे असतील तर हा अ‍ॅटलास लावू नका, तो ५६ दिवसांच्या प्रौढ उंदरांचा आहे. घुशीइतक्या मोठ्या प्रयोगशाळेतल्या रॅटसाठीही तो नाही, त्यांच्यासाठी वॅक्सहोम स्पेस नावाचा वेगळा त्रिमितीय अ‍ॅटलास आहे. आणि शस्त्रक्रियेसाठी ब्रेग्मापासूनचं (कवटीच्या हाडांचे सांधे मिळतात त्या बिंदूपासूनचं) अंतर या अ‍ॅटलासमधून थेट उचलू नका. त्यात कवटीच नाही, त्यामुळे ब्रेग्माही नाही, लोक वापरतात तो बिंदू अंदाजाने ठेवलेला असतो.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे. तुम्ही प्रत्येक मेंदूतून ‘मधोमधचे’ चार सेक्शन निवडलेत. हे मधोमध कोणत्या बाजूकडे पाहून ठरवलं? तुमच्या वर्णनात डावी बाजू नेहमी आधी येते, म्हणून माझी शंका अशी की निवड डावीकडे पाहून झाली. ब्लॉक तिरका असेल तर त्या चार सेक्शनमध्ये डावी अ‍ॅमिग्डला तिच्या सर्वांत रुंद भागात सापडते आणि उजवी तिच्या निमुळत्या टोकाकडे. डावीकडे पेशी जास्त येणारच. हे सगळ्या उंदरांत सारखं आलं म्हणून खरं वाटतं, पण एकाच माणसाने एकाच सवयीने ब्लॉक चिकटवले असतील तर तिरपेपणाही सगळ्यांत एकाच दिशेचा असतो. उंदरांची संख्या वाढवून असा फरक नाहीसा होत नाही, उलट आकडेशास्त्रात तो आणखी ठाम दिसतो.

याची परीक्षा सोपी आहे आणि तुमच्याकडे असलेल्या काचांवरच करता येते. चार सेक्शन सोडा. अ‍ॅमिग्डला जिथे सुरू होते तिथपासून संपते तिथपर्यंतचे मालिकेतले सगळे सेक्शन दोन्ही बाजूंनी मोजा. उंदीर कोणत्या गटातला आहे हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. मग आडव्या अक्षावर सेक्शनचा क्रमांक आणि उभ्या अक्षावर पेशींची संख्या घेऊन डाव्या-उजव्याच्या दोन रेषा काढा. दोन्ही उंचवटे सारख्याच उंचीचे पण एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर तो कापाचा तिरपेपणा आहे, आणि सरकण्याचं अंतर तुम्ही काचांवर मोजलेल्या फरकाशी जुळायला हवं. दोन्ही उंचवटे एकाच जागी असून डावा पूर्ण लांबीभर उंच असेल, तर गोष्ट वेगळी. मग रंग दोन्ही बाजूंना सारखा चढला होता का, एक बाजू काचेच्या कडेला सुकली होती का, हे तपासा. तेही ठीक असेल तर फरक गंभीरपणे घ्या, आणि प्रत्येक बाजूच्या एकूण घनफळामागे किती पेशी या रूपात लिहा. सरकणं आणि उंचीतला फरक दोन्ही एकत्रही असू शकतात. अशा वेळी कोन लावून प्रत्येक बाजूची खरी पुढे-मागची जागा काढा आणि क्रमांकाऐवजी ती आडव्या अक्षावर घ्या.

हात बसण्यासाठी स्वतःच्या काचांवर झगडण्याआधी दुसऱ्यांनी नीट जुळवलेला मेंदू तासभर पाहावा, असं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मानवी मेंदूचा बिगब्रेन ब्राउझरमध्ये मोफत उघडतो. एका ६५ वर्षांच्या स्त्रीच्या मेंदूचे २० मायक्रॉनचे ७,४०४ सेक्शन जुळवून तो युलिख आणि माँट्रिअलच्या गटांनी २०१३ मध्ये मांडला. त्यात काप तिरका केल्यावर ओळखीची रचना किती अनोळखी होते ते बघण्यासारखं आहे. आपल्याकडचा म्हणाल तर आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने २०२४ च्या डिसेंबरमध्ये ‘धरणी’ हा संच खुला केला: दुसऱ्या तिमाहीतल्या पाच मानवी गर्भांच्या मेंदूंचे ५,१३२ सेक्शन, पेशी दिसतील इतक्या बारकाईने. तुमच्या अ‍ॅमिग्डलाशी त्याचा थेट संबंध नाही, पण एवढ्या नाजूक ऊतीचे सेक्शन कसे सलग ठेवले आहेत हे कापणाऱ्या प्रत्येकाने पाहावं.

पुढे लिहाल तेव्हा एवढं कळवा: सुईची खूण होती की नाही, व्हेंट्रल हिप्पोकॅम्पस डावीकडे आणि उजवीकडे कोणत्या क्रमांकाला सुरू झाला, ब्लॉक मध्ये हलला होता का, आणि एका उंदराचा तो दोन रेषांचा आलेख. शोधनिबंधातल्या पद्धतीच्या भागातही अ‍ॅटलासची आवृत्ती, त्याची बारकाई आणि प्रत्येक मेंदूला लावलेला कोन लिहून ठेवा.